आण्णाप्पा पेंटरची पहिली चूक

निपाणीपासून कोगनोळीच्या नाक्यापर्यंत हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना जेवढी दुकानं आहेत, त्यांतल्या निम्म्यांची नावं एके काळी एकाच हाताने लिहिलेली होती. तो हात आण्णाप्पा पेंटरचा. कन्नड वर, मराठी खाली आणि उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘आण्णा आर्ट्स’. पंक्चरवाल्यापासून पतसंस्थेपर्यंत सगळे त्याचं गिऱ्हाईक. एवढ्या पसाऱ्यात, पंचेचाळीस वर्षांत, दोन्ही भाषा मिळून एकही अक्षर चुकलेलं नाही, ही आण्णाप्पाची मिरवायची गोष्ट. शेती नाही, शिक्षण चौथी, घर दोन खोल्यांचं. मिरवायला तेवढंच होतं आणि ते तो मनसोक्त मिरवायचा.

“माझ्या बोर्डात चूक दाखवा, ब्रश तुमच्या हातात देतो आन तुमच्या पायरीवर येऊन बसतो,” असं तो गुंडूच्या चहाच्या गाड्यावर चारचौघांत सांगायचा.

गुंडू त्याच्याच वर्गातला, त्याच्याच वयाचा, म्हणजे अडुसष्टचा. तो उकळत्या चहातून डोकं वर न काढता म्हणायचा, “पायरीवर आमचं कुत्रं बसतंय रं. त्येला उगीच उठवू नगंस.”

आण्णाप्पाचा बाप सालगडी होता. गावातल्या एका तंबाखूवाल्या बागायतदाराकडे वर्षाच्या बोलीवर राबायचा, आणि हे कुटुंब त्या मालकाच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायचं. गावातली पोरं आण्णाप्पाला ‘गड्याचं पोरगं’ म्हणायची. तिसरीत असताना मास्तरांनी पाटीवर वडिलांचा धंदा लिहायला सांगितला. आण्णाप्पाने लिहिलं, ‘गडि’. मास्तरांनी पाटी हातात घेतली, वेलांटी पुसली आणि उलट बाजूला काढली. “मराठीत शब्दाचा शेवट दीर्घ असतो. गडी. लांब म्हण. परत लिही.” त्याने दहा वेळा लिहिलं. धंदा लपवायचा होता, तोच पाटीभर झाला. पण शुद्धलेखनाचा पहिला नियम तिथं त्याच्या हातात बसला, तो कायमचा.

शाळा सुटल्यावर तो निपाणीत नाटकाच्या तंबूभोवती घुटमळायला लागला. ते दिवसच वेगळे होते. हंगामात एका मैदानावर कन्नड कंपनीचा मुक्काम पडायचा, दुसऱ्यावर मराठी, आणि प्रेक्षक दोन्हीकडे तेच. सोमवारी इकडं रडायचे, मंगळवारी तिकडं. कोणत्या भाषेत रडलो याचा हिशेब कोणी ठेवत नसे. कंपनीचे पडदे आणि फलक रंगवायला संकेश्वरचे एक मेस्त्री यायचे. त्यांच्या हाताखाली आण्णाप्पा डबे धुवायला लागला, मग दोरी मारून ओळी आखायला लागला, आणि दोन वर्षांनी मेस्त्र्यांनी त्याच्या हातात कन्नड अक्षर दिलं. त्यांनीही एक नियम सांगितला. “मराठीत शब्दाचा शेवट लांब. कन्नडात बहुतेक आखूड. एका हाताला दोन सवयी लावायच्या, मिसळायच्या न्हाईत.”

त्या सवयी त्याने कधी मिसळू दिल्या नाहीत. गिऱ्हाइकाने मजकूर दिला की आधी तो वहीच्या पानावर उतरवून घ्यायचा, चुका काढायचा आणि गिऱ्हाइकालाच ऐकवायचा, “तुमच्या बापाचं नाव तुमीच चुकवलाय की वो!” पंचायतीच्या एका निवडणुकीत दुसऱ्या कोणा पेंटरने ‘भावी अध्यक्ष’च्या ऐवजी ‘बावी अध्यक्ष’ लिहिलं. कन्नडात बावी म्हणजे विहीर. त्या उमेदवाराला पाच वर्षं सगळा गाव विहिरीचे अध्यक्ष म्हणत होता. ही गोष्ट आण्णाप्पा इतक्या रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याला ती पाचव्यांदाही हसवायची. आणि शेवटी बोट वर करून तो म्हणायचा, “एका अक्षरानं माणूस बुडतोय, बघा.”

पुढे फ्लेक्स आलं. तासाभरात छापून मिळणारं, चेहऱ्यांचे फोटो असलेलं, पावसाळा संपायच्या आत फाटणारं. आण्णाप्पाचं काम ओसरत ओसरत वर्षाला आठ-दहा बोर्डांवर आलं. अशा दिवसांत, गेल्या साली फेब्रुवारीत, कुमार केदारी त्याच्या दारात उभा राहिला.

कुमार हा गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष. पन्नाशीतला, घाईतला, मनाने चांगला माणूस. वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून बसथांब्याची भिंत नवी करून तिच्यावर कविता लिहायचं ठरलं होतं. “जुनी न्हाय, आण्णा. आत्ताची पायजे. आपल्या शाळेतल्या भाग्यलक्ष्मी बाईंनी लिवलीया. फ्लेक्स नगं. तुमच्याच हातचं पायजे.”

भाग्यलक्ष्मी ही गावच्या मराठी शाळेत अतिथी शिक्षिका. अतिथी म्हणजे दर जूनला नेमणूक नवी. मिळाली तर मिळाली. बेळगावच्या वडगावात तिच्या बापाचे साड्यांचे माग होते, त्यांतला आता एक चालत होता. आईचं बोलणं कन्नड, बापाचं मराठी. ती गावात एक खोली घेऊन राहायची आणि घर तिच्या पगारावर चालायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

आण्णाप्पाने कवितेचा कागद उलगडला. नाव वाचलं आणि त्याची कानशिलं तापली.

गडी

गडी उभा आहे उन्हात,
पायात चप्पल नाही.
इकडचे म्हणतात, आमचा.
तिकडचे म्हणतात, आमचा.
भाकरी कोणीच विचारत नाही.

शाळेत असताना आमचा गडी
दोन्हीकडून खेळायचा.
आता तो खेळत नाही.
नुसता उभा असतो,
आणि आपण त्याच्या अंगावरून
रोज बाजाराला जातो.

‘या बाईला माझ्या बापाचं कोणी सांगितलं?’ हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. साठ वर्षांपूर्वीची पाटी कोणीतरी भर रस्त्यात उचलून धरल्यासारखं त्याला झालं. पण काम मोठं होतं, भिंत पंधरा फुटी होती आणि ब्रश कितीतरी दिवसांनी ओला होणार होता. त्याने होय म्हटलं.

भिंतीला पांढरा रंग मारून, दोरी मारून, तो रोज सकाळी शिडीवर चढायचा. खाली बसची वाट बघणाऱ्यांची सभा भरायची. ओळ पुढे सरकेल तसा अर्थ सरकायचा.

“आमच्या मालकावरच लिवलीया ही,” उसाच्या गाडीवरचा एक म्हणाला. “चप्पल दे म्हणून तीन वर्षं सांगतोय.”

“खेळावरची हाय,” गुंडू म्हणाला. “आमच्या संगती एक गडी व्हता. आमी हारायला लागलो की तिकडं जायाचा, ती हारायला लागली की इकडं यायाचा. त्येचीच हाय ही.”

“मग उन्हात कशाला उभा केलाय त्येला?”

“मास्तरनं केला आसंल!”

आण्णाप्पा वरून हसायचा, पण त्याला हसू पुरं येत नव्हतं. मजकूर वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. वाचणाऱ्याचा डोळा शब्दावरून निसटून जातो. पेंटरला प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी अंगाने पार करावी लागते. तिसऱ्या दिवशी शेवटून दुसरी ओळ आली. ‘आणि आपण त्याच्या अंगावरून’ एवढं लिहून झालं आणि ब्रश थांबला.

उभ्या माणसाच्या अंगावरून कसं जातात?

शेजारून जातात, पुढून जातात. अंगावरून जायला तो आडवा पाहिजे. बाईंनी इतकी साधी चूक कशी केली? त्याने पहिल्यापासून ओळी परत वाचल्या. इकडचे म्हणतात आमचा, तिकडचे म्हणतात आमचा. समोर हमरस्त्यावरून नाक्याकडे, पलीकडच्या महाराष्ट्राकडे, गाड्या जात होत्या. आणि मग मेस्त्र्यांनी लावलेली दुसरी सवय त्याच्या हातात आपोआप जागी झाली, शब्दाचा शेवट आखूड करणारी. कन्नडात ‘गडि’ म्हणजे सरहद्द.

तो शिडीवरून उतरला, ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा केला आणि थेट शाळेत गेला. मधली सुट्टी होती. भाग्यलक्ष्मी पोरांना रांगेत हात धुवायला लावत होती.

“बाई, ह्यो तुमचा गडी माणूस न्हाय,” तो म्हणाला.

ती हात पुसत त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. “तुम्हाला कुठल्या ओळीला कळलं, आण्णा?”

“अंगावरून.”

“तिथंच कळायला पाहिजे होतं कोणालातरी. मी वाट बघत होते.”

“म्हंजी सरहद्द हाय.”

“माणूसही आहे. नोकर आहे, खेळगडी आहे, आणि सरहद्दही. एकच शब्द, अर्थ तिन्ही. व्याकरणात श्लेष म्हणतात. आपला श्लेष दोन भाषांतला, एवढंच. आई गडि म्हणायची, आप्पा गडी म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, सरहद्द म्हणजे कोणीतरी माणूसच असणार. सगळे त्याच्यावरून भांडतात, आणि तो कुठेतरी उन्हात उभा असेल.”

तंबूतले दिवस आण्णाप्पाला आठवले. कसलेला नट एकच वाक्य टाकायचा आणि मैदानाच्या दोन बाजू दोन वेगळ्या कारणांनी हसायच्या. ते वाक्य अंगावर येऊन गेल्यावर जसं व्हायचं, तसं त्याला आत्ता झालं होतं. आणि तरी उन्हात उभा असलेला त्याचा बाप त्या ओळींतून गेला नव्हता. उलट आता तो जास्त मोठा दिसत होता.

“कुमार म्हणतोय, वर कन्नडात नाव पायजे,” त्याने सांगितलं. “कसं लिवू? आवाज ठेवायचा का अर्थ?”

“आवाज.”

“शेवट आखूड का लांब?”

आण्णाप्पा ज्या नजरेने विचारत होता, ती नजर तिला कळली. “आखूड,” ती म्हणाली.

“मग कन्नडात सरळ सरहद्द हुतीया, बाई.”

“होऊ दे की. खाली मराठीत माणूस, वर कन्नडात सरहद्द. दोन्ही वाचणारा थांबेल तिथं जरा.”

आण्णाप्पाने त्याच दुपारी नाव लिहिलं. शेवटचा स्वर आखूड. कोपऱ्यात ‘आण्णा आर्ट्स’.

पंधरा दिवस कोणी थांबलं नाही. सोळाव्या दिवशी हमरस्त्यावरून जाणारं कोणीतरी गुंडूकडे चहाला उतरलं आणि भिंतीचा फोटो काढून गेलं. दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्या गावाच्या फोनमध्ये होता. एकाखाली कन्नडात लिहिलं होतं, ‘सरहद्दीवरच्या शाळेत काय शिकवतात बघा’. दुसऱ्याखाली मराठीत होतं, ‘आमचा! आमचा!’ आणि मुठींची चित्रं. एका बाजूला राग आला होता, दुसऱ्या बाजूला ऊत. कविता चौथ्या ओळीच्या पुढे कोणी वाचली होती असं दिसत नव्हतं. आपल्या बाजूचा ‘आमचा’ तेवढा उचलायचा, पुढची भाकरीची ओळ सोडून द्यायची.

“एका बाजूचे चिडले की मला सुचतं,” कुमार घाम पुसत म्हणाला. “हितं दोन्हीकडचे जागे झालेत. उद्या सकाळी अकराला वाचनालयात बैठक. तालुक्यासनं माणसं येणार हाईत. बाईंना वरनं फोन आलाय, शब्दाचा अर्थ लेखी द्या म्हणून.”

“आन न्हाय दिला तर?” आण्णाप्पाने विचारलं.

“जून लांब न्हाय, आण्णा.”

आण्णाप्पा घरी आला. बायको अक्काताई शेंगा फोडत बसली होती. तिने त्याचं तोंड बघितलं आणि टोपली बाजूला सारली. तो तिच्यासमोर बसला, एक शेंग घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली. खरं काय ते त्याला माहीत होतं. बाईंनी सांगितलं होतं, त्याने विचारून लिहिलं होतं. अक्षर बरोबर होतं. असं बरोबर अक्षर त्याने आयुष्यात लिहिलं नव्हतं. आणि ते बरोबर आहे असं उद्या कोणी बोललं, की बाईंची नेमणूक गेली. चूक असली तरच ती वाचत होती. चूक करणारा माणूस गावात एकच असू शकत होता.

बैठकीला वाचनालय भरलं होतं. तालुक्याहून आलेल्यांत एक चष्मेवाले गृहस्थ होते, कन्नड बाजूचे, पण शांत, अदबीने बोलणारे, मराठी उत्तम. दुसऱ्या बाजूला मोटारसायकलींवरून आलेली मराठी बाजूची चार-पाच पोरं भिंतीला घालायचा हार घेऊन बसली होती. मध्ये कुमार. कडेच्या बाकावर भाग्यलक्ष्मी, हातात एक कागद.

“बाई, मला भांडण नको आहे,” चष्मेवाले म्हणाले. “मीही कविता वाचतो. एकच विचारतो. वर कन्नडात जो शब्द आहे, तो तुम्ही सांगून लिहिलाय का?”

भाग्यलक्ष्मी उठून उभी राहिली. तिने ओठ उघडले.

“बाईंना कशाला इचारता?” मागून आवाज आला. तंबूत शेवटच्या रांगेपर्यंत जाणारे आवाज आण्णाप्पाने वर्षानुवर्षं ऐकले होते. त्यांतला एक त्याने त्या दिवशी उसना घेतला. “अक्षर माझं हाय. कोपऱ्यात नाव माझं हाय. मला इचारा.”

तो पुढे आला. सगळी खोली त्याच्याकडे वळली. बोलायचं वाक्य तयार होतं, पण पहिला शब्द काही केल्या सुटेना. त्या शब्दाची जिभेला ओळखच नव्हती.

“चुकलं,” तो म्हणाला.

“काय?” कुमारने विचारलं.

“माझं अक्षर चुकलं. मराठीत शेवट लांब, कन्नडात आखूड. हाताला सवय हाय. बाईंनी ‘गडी’ लिव म्हणून सांगितलंतं, मी कन्नड लिवताना आखूड केलं. माणसाची सरहद्द झाली. बाईंचा त्यात काय संबंध न्हाय.”

गुंडू पहिला हसला. “आण्णाप्पा? तू चुकलास? आरं, सूर्य कुठनं उगवला आज?” मग खोलीभर हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, “ब्रश द्या इकडं, पायरीवर बसा!” कोणी म्हणालं, “म्हातारं झालं की वो.” हार आणलेल्या पोरांची तोंडं उतरली, एकाने हार पिशवीत परत कोंबला. आण्णाप्पाही हसला. नाटकातल्यासारखे कान धरले. हशा आणखी वाढला.

फक्त चष्मेवाले हसले नव्हते.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “वरचं अक्षर चुकलं. पण खाली, शेवटी, बाईंनी लिहिलंय, त्याच्या अंगावरून बाजाराला जातो. गडी माणूस असेल, तर माणसाच्या अंगावरून कसं जातात?”

भाग्यलक्ष्मी अजून उभीच होती. आण्णाप्पाने तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. या प्रश्नाची त्याने तयारी केली नव्हती. पण उत्तर त्याच्यापाशी होतं, फार जुनं.

“जातात की,” तो म्हणाला. “माझा बाप सालगडी व्हता, साहेब. रातभर तंबाखूची राखण करायचा आन सकाळी मालकाच्या सोप्यात उंबऱ्याला आडवा व्हायचा. घटकाभर. बाजारच्या दिवशी घरातली माणसं त्येला ओलांडून जायाची. पिशव्या घेऊन. उठवायचं कशाला, म्हणायची.”

त्याने कमरेशी हात आडवा धरून उंची दाखवली.

“एकदा मालकाच्या पोरांबरूबर मी पण बाजाराला निघालतो. सात वर्षांचा आसंन. पोरं वलांडून गेली. मी थांबलो. मग मी पण गेलो.” आवाज आता शेवटच्या रांगेपर्यंत जात नव्हता. “त्यो जागा व्हता.”

उभ्या माणसाच्या अंगावरून जाता येत नाही, हा प्रश्न तरीही शिल्लक होता. चष्मेवाल्यांना तो दिसला असणार; कविता वाचणारे होते. पण त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत घातला. “तेवढं अक्षर दुरुस्त करा,” ते म्हणाले आणि उठले.

दुरुस्ती तिथल्या तिथे झाली. शिडी आणली, काळ्या रंगाचा डबा उघडला. कन्नडात आखूड स्वर लांब करायला खोडाखोड लागत नाही. अक्षराच्या उजवीकडे एक वळसा जोडला की झालं. तीस माणसं खाली उभी होती. फोन वर धरलेले होते. आण्णाप्पाने मनगटाखाली टेकूला काठी धरली आणि तो वळसा काढला. शब्द आता कन्नडात कोणताच अर्थ सांगत नव्हता. उतरताना कोणीतरी त्याला हात दिला.

माणसं पांगल्यावर भाग्यलक्ष्मी शिडीजवळ आली. ती आभार मानेल असं आण्णाप्पाला वाटलं होतं. माणूस आहे, वाटणारच.

“तुम्ही खोटं बोललात, आण्णा.”

“बापाचं खरं व्हतं, बाई.”

“म्हणून तर जास्त राग येतोय.” तिच्या हातातला कागद चुरगळला होता. “मी लेखी आणलं होतं. तिन्ही अर्थ. मी उभी राहिले होते. तुम्ही मला खाली बसवलंत.”

“नोकरी गेली आसती.”

“गेली असती. माझी होती ती. तुम्ही विचारलंत का मला? अक्षराचं विचारायला शाळेपर्यंत चालत आलात. हे विचारायला नाही आलात.”

आदल्या दिवशी शेंग हातात धरून आण्णाप्पाने सगळ्या गोष्टींचा विचार केला होता, फक्त हिला विचारायचं सोडून. तिने कागदाची चौकोनी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि ती शाळेकडे निघून गेली. जूनमध्ये तिची नेमणूक झाली. ती त्याच रस्त्याने येते-जाते, आण्णाप्पा दिसला तर “बरं आहे का, आण्णा” म्हणते. थांबत मात्र नाही.

घरी अक्काताईने विचारलं. तिला वाचता येत नाही. पण पंचेचाळीस वर्षं हा माणूस प्रत्येक नवा शब्द आधी घरात मोठ्याने म्हणतो, मग भिंतीवर काढतो, हे तिच्याएवढं कोणालाच माहीत नाही. त्या फेब्रुवारीत ‘आखूड, आखूड’ म्हणत तो चार वेळा अंगणातून फिरला होता.

“अवो, खरंच चुकलं व्हतं व्हय?”

आण्णाप्पाने तिच्याकडे बघितलं. तिला सांगितलं तर तिच्याजवळ राहील, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, “व्हय. चुकलं.”

ती “बरं” म्हणाली आणि पुन्हा कधी तो विषय तिने काढला नाही.

दिवाळीच्या आधी दूध डेअरीच्या नव्या खोलीवर नाव लिहायचं काम आलं. चारच शब्द, दोन भाषांत. डेअरीचा रवळू, पस्तिशीचा, लहानपणी आण्णाप्पाची शिडी धरायला धावत येणारा. आण्णाप्पाने दोरी मारली, खडूने अक्षरं आखून घेतली आणि ब्रश बुडवला.

“आण्णा, जरा थांबता का?” रवळू चाचरत म्हणाला. “राग नगा मानू. पोरगी आठवीत हाय. दोन्ही भाषा चांगल्या हाईत तिच्या. खडूवर हाय तवर तिला एक फोटो पाठवतो. बरोबर म्हणाली की मारा रंग.”

ब्रशच्या टोकाला रंगाचा थेंब जमत होता. आण्णाप्पाने तो डब्याच्या कडेला पुसला.

“दाखव की,” तो म्हणाला. “दाखव. मी थांबतो.”

रवळूने फोटो पाठवला. पोरगी शाळेत होती, उत्तर लवकर आलं नाही. आण्णाप्पा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, भिंतीकडे तोंड करून, शाळा सुटायची वाट बघत उभा राहिला.